शास्त्रज्ञाचे चर्च आणि नकार देणारी व्यवस्था

नायजेरियातील लागोस शहराच्या याबा भागात तीन संस्था एकमेकींपासून फारशा लांब नाहीत: लागोस विद्यापीठ, राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्था आणि ‘माउंटन ऑफ फायर अँड मिरॅकल्स मिनिस्ट्रीज’ या पेन्टेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती पंथातील, चर्चचे ओनिके येथील मुख्यालय. डॅनिएल कोलावोले ओलुकोया यांचे आयुष्य या तिन्ही संस्थांमधून गेले आहे. १९५७ साली जन्मलेल्या ओलुकोया यांनी १९८० मध्ये लागोस विद्यापीठाची सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात मिळवली, इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठातून रेण्वीय आनुवंशिकीत पीएच.डी. केली, मायदेशी परतून संशोधन संस्थेच्या आनुवंशिकी विभागात काम केले आणि १९८९ मध्ये स्वतःच्या घरच्या दिवाणखान्यात एक प्रार्थनासभा भरवली. त्या सभेला २४ माणसे होती, असे चर्चच सांगते. आज त्याच चर्चच्या शाखा युरोप-अमेरिकेतही आहेत, लागोस-इबादान महामार्गावर त्याचे अवाढव्य ‘प्रेअर सिटी’ उभे आहे, आणि जादूटोणा, घराण्याचे शाप व माणसाला छळणाऱ्या अदृश्य शक्ती यांच्याविरुद्ध मोठ्या आवेशाने केल्या जाणाऱ्या प्रार्थनांसाठी ते नायजेरियाभर ओळखले जाते.

अशा माणसाची हकिकत कानावर आली की आपल्याकडच्या विवेकवादी वर्तुळात ठरलेली प्रतिक्रिया उमटते: एवढे शिकून काय उपयोग? श्रद्धावंतांची प्रतिक्रियाही तितकीच ठरलेली असते: एवढा मोठा शास्त्रज्ञ मानतो, म्हणजे त्यात काहीतरी तथ्य असणारच. दोन्ही बाजू एकमेकींशी हिरीरीने भांडतात, पण त्या एकाच गृहीतकावर उभ्या आहेत. विज्ञान हा माणसाच्या डोक्यात मुरलेला गुण आहे आणि एकदा मुरला की तो माणूस जाईल तेथे त्याच्यासोबत जातो, असे दोघेही धरून चालतात. मग एकाला ओलुकोया यांनी तो गुण गमावला असे वाटते आणि दुसऱ्याला तो गुण त्यांनी व्यासपीठावर नेला असे वाटते. मला हे गृहीतकच मान्य नाही. कोणतेही विधान वैज्ञानिक ठरते ते बोलणाऱ्याच्या बुद्धीमुळे किंवा पदवीमुळे नाही, तर त्याला ‘तुझे चुकले’ असे सांगण्याचा अधिकार आणि साधन दुसऱ्या कोणाच्या तरी हाती असते म्हणून. ओलुकोया यांचे चरित्र या दृष्टीने वाचले, तर त्यातून पुढे येणारा सार्वजनिक प्रश्न व्यक्तीच्या श्रद्धेचा उरत नाही. तो संस्थांचा प्रश्न होतो.

त्यांच्या संशोधनातले एक काम येथे जवळून पाहण्याजोगे आहे. पश्चिम आफ्रिकेत मका, ज्वारी किंवा बाजरी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवतात, ओलीच वाटतात, फडक्यातून गाळतात आणि खाली बसलेला साका आंबू देतात. हा साका पाण्यात शिजवला की ओगी तयार होते. आपल्या आंबिलीची ही सख्खी बहीण म्हणावी अशी. बाळाचे अंगावरचे दूध तोडताना त्याला प्रथम देतात ती हीच पेज, आणि नेमक्या याच वयात जुलाबांनी मुले दगावतात. ओलुकोया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅक्टोबॅसिलस जातीचे निवडक जिवाणू वापरून ‘डोगिक’ नावाची सुधारित ओगी तयार केली आणि तिच्यावरचा निबंध १९९४ मध्ये उष्ण कटिबंधातील बालरोगांना वाहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. खर्चिक औषधांची वाट न पाहता गरीब आईच्या चुलीवर जे आधीच शिजते त्याच्यातच उपाय शोधण्याची ही कल्पना मला मनापासून आवडते. निबंधाच्या शीर्षकातला दावा मात्र अगदी बेताचा आहे: अतिसाराच्या नियंत्रणासाठी उपयोग होण्याची ‘शक्यता’ असलेले अन्न.

एवढा बेताचा दावा करण्यामागे विनयापेक्षा रीत अधिक असते. आंबवणाऱ्या जिवाणूंमध्ये रोगजंतू मारण्याची ताकद आहे का, हे पाहण्याची प्रयोगशाळेतली नेहमीची पद्धत अशी: काचेच्या बशीत आगरचा, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या पदार्थाचा, थर ओतायचा, त्यावर जुलाब लावणारे जिवाणू पसरायचे, आगरमध्ये छोटे खळगे पाडून एकात आपल्या जिवाणूंच्या वाढीतून गाळून घेतलेला द्रव भरायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्या खळग्याभोवती रोगजंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसते का ते पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचे. त्या बशीत शेजारी आणखी एक खळगा असतो आणि त्यात ज्याची परीक्षा चालली आहे तो घटक सोडून बाकी सगळे असते. त्या दुसऱ्या खळग्याभोवतीही तेवढेच वर्तुळ उमटले, तर संशोधकाचा जिवाणू खास नाही, नुसत्या आंबटपणाने काम केले, हे मुकाट्याने मान्य करावे लागते. त्यानंतर निबंध अनोळखी परीक्षकांकडे जातो, आणि छापून आल्यावर दुसऱ्या देशातला कोणीही तोच प्रयोग करून तो खोटा पाडू शकतो. बशीत जे दिसले ते बशीपुरतेच खरे. बाळाच्या आतड्यात ते घडेल की नाही हे वेगळे तपासावे लागते, म्हणूनच शीर्षकात ‘शक्यता’.

हा निबंध ज्या वर्षी छापून आला, त्याच १९९४ मध्ये चर्च ओनिकेच्या सध्याच्या जागेत आले. म्हणजे दिवाणखान्यातील सभा सुरू होऊन पाच वर्षे झाली होती आणि ओलुकोया अजून जिवाणूंवर शोधनिबंध लिहीत होते. ‘आधी शास्त्रज्ञ होता, मग धर्माकडे वळला’ ही कथा सांगायला सोपी आहे, पण ती तारखांमध्ये बसत नाही. दोन्ही कामे बराच काळ शेजारी शेजारी, एकाच माणसाच्या हातून, एकाच उपनगरात चालली होती. त्यामुळे बदलले ते त्यांचे मन, असे म्हणण्याला आधार मिळत नाही. ते एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जात तेव्हा काय बदलत असे, हे पाहावे लागते.

दुसऱ्या इमारतीतली परंपराही त्यांनी शून्यातून निर्माण केलेली नाही. नैऋत्य नायजेरियातील योरुबा भाषकांच्या प्रदेशात १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, वसाहतीतली सरकारी वैद्यकी हतबल झालेली असताना, इजेबू-ओडे येथे काही अँग्लिकन ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेसाठी एकत्र आली आणि औषधापेक्षा प्रार्थनेनेच रोग बरा होतो या निष्ठेचा एक प्रवाह तेथून वाहू लागला. १९३० मध्ये इलेशा येथे जोसेफ आयो बाबालोला यांच्या सभांना माणसांचा पूर लोटला. हे बाबालोला त्याआधी सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यावरचा रोडरोलर चालवत असत. त्या चळवळीतून ख्राइस्ट अपोस्टॉलिक चर्च उभे राहिले आणि ओलुकोया त्याच परंपरेतून आलेले आहेत. तेव्हा रेडिंगहून परतलेल्या विद्वानाला अचानक भुताखेतांची आठवण झाली, असे घडलेले नाही. त्यांच्या आजूबाजूच्या समाजाने रोगाविषयी बोलण्याची एक सबंध भाषा त्यांच्या जन्माआधीच तयार करून ठेवली होती.

त्या भाषेला ओलुकोया यांनी जी शिस्त लावली ती मात्र त्यांची स्वतःची आहे, आणि तेथे मला त्यांच्यातला प्रयोगशाळेतला माणूस पुन्हा दिसतो. हे चर्च स्वतःला ‘आपले आपण करायचे’ सुवार्ताकार्य म्हणवते. माझ्या हातांना लढाई व बोटांना युद्ध शिकवणारा परमेश्वर, हे बायबलच्या १४४ व्या स्तोत्रातील वचन त्याच्या पायाशी आहे. पास्टरने डोक्यावर हात ठेवावा आणि भक्ताने पडून राहावे, असा प्रकार येथे मुख्य नाही. प्रत्येकाने स्वतः, उपास धरून, बहुधा मध्यरात्री, क्रमांक घातलेली प्रार्थनासूत्रे एकामागून एक म्हणायची, ठरलेल्या वेळा म्हणायची आणि सगळे अंग झोकून म्हणायची असतात. दुःखाचे मूळ शोधताना घराण्याकडे पाहिले जाते: पूर्वजांनी कोणत्या देवतेशी करार केला होता, घरात अनेक बायका होत्या का, तेच दारिद्र्य किंवा तोच अकाली मृत्यू पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा पुन्हा येतो आहे का. योरुबा पेन्टेकोस्टल मंडळींत ओगुन किंवा इफा या जुन्या देवतांची नावे ज्यात आहेत अशी आडनावे बदलण्याची रीत पडली आहे, तिच्यामागेही हाच विचार आहे.

डोळ्यांना न दिसणारा कारक, तो वारशाने उतरण्याची वाट, त्याला शोधून वेगळे काढण्याची कृती, आणि कोणालाही जशीच्या तशी करता यावी अशी पायरीवार पद्धत: आनुवंशिकीच्या अभ्यासकाला हा आराखडा परका वाटण्याचे कारण नाही. त्यांच्या मनात दोन्हींची सांगड कशी बसली असेल यावर तर्क लढवण्याचा मला अधिकार नाही, आणि त्याची गरजही नाही. आराखडा एकच असूनही एक गोष्ट गहाळ आहे, आणि तेवढ्याने सगळे बदलते. दुसरा खळगा नाही. ज्याला गुण आला तो माइकपुढे येऊन साक्ष देतो. ज्याला आला नाही तो घरी बसतो, किंवा थडग्यात असतो. ज्याचा ताप तीन दिवसांनी आपोआपच उतरणार होता त्याचीही साक्ष होते. गुण न आल्यास शापाचे मूळ अधिक खोल आहे, उपास कमी पडले, घरात अजून काहीतरी लपलेले आहे, अशी उत्तरे तयार असतात, आणि त्यातले प्रत्येक उत्तर सिद्धांताला वाचवून रुग्णाला पुन्हा रांगेत उभे करते. कोणतीही घटना ज्या सिद्धांताच्या विरोधात जाऊ शकत नाही, तो मांडणारा माणूस प्रामाणिक असला तरी त्याला आपली चूक कळण्याचा मार्गच उरत नाही.

याची किंमत नुसती बौद्धिक नाही. या प्रार्थनांत ‘घरातला शत्रू’ वारंवार येतो. लागोससारख्या शहरात गावाकडून येऊन थोडेफार कमावू लागलेल्या माणसामागे भावंडे, चुलते, भाचे यांच्या अपेक्षांचा ससेमिरा असतो आणि त्या ताणाला धार्मिक रूप मिळाले की हेवा करणारा नातेवाईक हाच अपयशाचे कारण ठरतो. व्यासपीठावरून कोणाचेही नाव घेतले जात नाही, हे मान्य. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणाचा ना कोणाचा चेहरा उभा राहतोच, आणि तो बहुतेक वेळा एखाद्या म्हाताऱ्या बाईचा असतो. नायजेरियाच्या दक्षिणेकडील राज्यांत लागू असलेल्या फौजदारी संहितेच्या २१० व्या कलमाने दुसऱ्याला चेटकीण म्हणणे हा गुन्हा ठरवला आहे आणि अक्वा इबोम राज्याने २००८ मध्ये मुलांवर असे आरोप करणाऱ्यांविरुद्ध वेगळी तरतूद केली. तेथील मुलांच्या छळाशी ओलुकोया यांच्या चर्चचा संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. एवढेच म्हणायचे आहे की ज्या समाजाला असे कायदे करावे लागतात, त्या समाजात मोठ्या पदवीच्या माणसाने चेटूक खरे असते असे म्हटल्याचे वजन वेगळे पडते. रेडिंगची पीएच.डी. त्या शापाविषयी नव्हती, पण नावाआधीचे ‘डॉक्टर’ दोन्हीकडे सारखेच छापले जाते.

याबाच्या याच मातीत या प्रश्नाचे उत्तरही पूर्वी एकदा मिळालेले आहे, आणि ते नायजेरियाबाहेर फारसे कोणाला आठवत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्था आपला वारसा १९२० मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाने पश्चिम आफ्रिकेत पाठवलेल्या पीतज्वर (यलो फीवर) आयोगापासून सांगते. पुढे त्या आयोगाची प्रयोगशाळा याबालाच होती. त्या काळी पीतज्वराचे कारण सापडले आहे असे जग मानत होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील हिदेयो नोगुची या अत्यंत नामांकित जपानी शास्त्रज्ञाने लेप्टोस्पायरा जातीचा एक जिवाणू हे त्याचे कारण असल्याचे जाहीर केले होते आणि त्या आधारावर लसही तयार झाली होती. लागोसच्या संशोधकांना मात्र रुग्णांच्या रक्तात तो जिवाणू काही केल्या सापडेना. १९२७ मध्ये सध्याच्या घानामधील असिबी नावाच्या रुग्णाचे रक्त भारतीय ऱ्हीसस माकडांना टोचून एड्रियन स्टोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की रोगाचे कारण गाळणीतूनही आरपार जाणारे आहे, म्हणजे जिवाणू नसून विषाणू आहे. हे काम करतानाच स्टोक्स यांना लागण झाली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ते वारले. आपले म्हणणे पुन्हा तपासण्यासाठी नोगुची स्वतः अक्राला आले आणि १९२८ च्या मे महिन्यात तेही पीतज्वरानेच गेले. असिबीच्या रक्तातून मिळालेल्या विषाणूपासून पुढे १७-डी ही लस तयार झाली, जी आजही वापरली जाते.

नोगुची कमी बुद्धीचे नव्हते, लबाडही नव्हते, आणि आपल्या सिद्धांतावर त्यांची निष्ठा एखाद्या भक्तापेक्षा कमी नव्हती. स्वभावाने पाहिले तर ते बदलायला तयार नसलेले गृहस्थ होते, असेच म्हणावे लागेल. तरी त्यांची चूक दहा वर्षांच्या आत उघडी पडली, कारण ती उघडी पाडण्याची मुभा, पैसा, माकडे आणि नियतकालिके दुसऱ्यांपाशी होती. जगप्रसिद्ध माणसाला ‘तुमचा जंतू आम्हाला सापडत नाही’ असे लिहून कळवणे हा उद्धटपणा मानला जात नव्हता. माझ्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा मला सुचत नाही. त्या परिसरात सत्तर वर्षांच्या आत दोन सिद्धांत येऊन गेले, दोन्ही न दिसणाऱ्या कारकांविषयीचे, दोन्ही विद्वानांनी मांडलेले. एकाला नकार देणारी व्यवस्था भेटली, दुसऱ्याला भेटली नाही.

ती का भेटली नाही, हे समजून घ्यायचे तर १९८९ या सालाकडे पाहावे लागते. तेलाच्या किमती कोसळल्यानंतर इब्राहिम बाबांगिडा यांच्या लष्करी राजवटीने १९८६ मध्ये संरचनात्मक समायोजनाचा, म्हणजे सरकारी खर्चाला कात्री आणि चलनाचे अवमूल्यन यांचा, कार्यक्रम स्वीकारला. १९८५ मध्ये एका डॉलरला नायजेरियाच्या चलनातला एक नायराही पडत नव्हता. १९८९ मध्ये सातहून अधिक पडू लागले. ज्या प्रयोगशाळेतले प्रत्येक रसायन आणि प्रत्येक काच परदेशातून येते, तिच्यासाठी याचा अर्थ काय, हे सांगण्याची गरज नाही. प्राध्यापकांच्या संघटनेवर १९८८ मध्ये बंदी आली, शिकलेली माणसे मिळेल त्या विमानाने बाहेर पडू लागली, आणि १९८९ च्या मे-जूनमध्ये या धोरणाविरुद्ध लागोससह अनेक शहरांत दंगली उसळल्या. ओलुकोया यांच्या दिवाणखान्यातली सभा त्याच वर्षातली. पगाराला किंमत राहिली नाही, दवाखान्यात औषध नाही, मेहनत आणि फळ यांचा संबंध तुटला आहे आणि तो कोणी तोडला हे दिसत नाही, अशा वेळी अदृश्य शत्रूची भाषा माणसांना आपल्या अनुभवाचे अचूक वर्णन वाटली असेल तर त्यांना हसण्यात अर्थ नाही. त्यांना खरोखरच कोणीतरी न दिसता लुटत होते.

ओलुकोया एकटेही नाहीत. ‘डीपर लाइफ’ चर्चचे संस्थापक विल्यम कुमुयी हे इबादान विद्यापीठाचे पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेले गणिती. लागोस विद्यापीठात शिकवत असताना १९७३ मध्ये त्यांनी आपल्या निवासस्थानी १५ जणांचा बायबल अभ्यासवर्ग सुरू केला. ते ज्या मेफ्लॉवर शाळेत शिकले आणि पुढे जेथे त्यांनी शिकवलेही, तिचे संस्थापक ताई सोलारिन हे नायजेरियातले सर्वांत प्रसिद्ध नास्तिक होते! ‘रिडीम्ड ख्रिश्चन चर्च ऑफ गॉड’ची स्थापना १९५२ मध्ये जोसाया अकिंदायोमी या निरक्षर धर्मगुरूंनी केली, पण १९८१ पासून त्याचे नेतृत्व उपयोजित गणितातील पीएच.डी. असलेल्या इनॉक अडेबोये यांच्याकडे आहे. तेव्हा हा एका माणसाचा विक्षेप आहे, असे म्हणून सुटका होत नाही. जी विद्यापीठे हुशार मुलांना अधिकार, साधने आणि मोठे काम देऊ शकली नाहीत, त्यांच्यापासून काही पावलांवर चर्चने ते सगळे दिले.

आता आपल्याकडे. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये राज्यघटनेत जी मूलभूत कर्तव्ये आली, त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले गेले. या कलमाचा हेतू निर्मळ आहे, पण त्याने जबाबदारी व्यक्तीच्या मनावर टाकली आणि आपण तेव्हापासून माणसांची मने तपासत बसलो. उपग्रह सोडण्याआधी इस्रोचे प्रमुख तिरुमलाला गेले की दर वेळी तीच खडाजंगी होते. मला त्या दर्शनाची चिंता वाटत नाही, कारण उड्डाणाला परवानगी देणारे मंडळ वेगळे आहे, त्याच्यापुढे दाब, तापमान आणि वाऱ्याचे आकडे येतात, आणि एका झडपेचे वाचन बिघडले तर उलटी गणती थांबते. तेथे देवदर्शनाची नोंद करायला रकानाच नाही. अग्निबाण सुरक्षित राहतो तो त्या मंडळामुळे, शास्त्रज्ञ नास्तिक असल्यामुळे नाही. याउलट, एखादा कट्टर नास्तिक डॉक्टर स्वतःच्या औषधाची जाहिरात रुग्णांच्या अनुभवकथनावर करत असेल, तर तो आणि साक्षीचा माइक यांत फरक राहत नाही.

पेन्टेकोस्टल श्रद्धा हे दूरदेशीचे खूळ आहे असे मराठी वाचकाने समजू नये, म्हणून आणखी एक गोष्ट. ज्या अझुसा स्ट्रीटच्या सभांपासून या पंथाचा इतिहास सहसा सांगितला जातो, त्या लॉस एंजेलिसमध्ये १९०६ मध्ये झाल्या. त्याच्या एक वर्ष आधी, जून १९०५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या आश्रमातील मुलींत असेच संजीवन, म्हणजे सामूहिक धार्मिक जागृती, झाले होते, आणि तेथील मिनी अब्राम्स यांच्या पुस्तिकेने पुढे चिलीतील पेन्टेकोस्टल चळवळीला चालना दिली. संस्कृतच्या व्यासंगाने ‘पंडिता’ झालेल्या रमाबाईंनी त्या अनुभवाचा बचाव केला, मात्र प्रार्थनेच्या आवेशात अनोळखी भाषांमध्ये बोलणे हीच पवित्र आत्म्याची एकमेव खूण असा हट्ट धरला नाही. अनुभवाला जागा द्यायची आणि त्याला प्रमाणपत्राचा दर्जा द्यायचा नाही, हा त्यांचा तोल मला आजही अनुकरणीय वाटतो.

माझ्या भूमिकेवर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीर आहे. श्रद्धेला प्रयोगशाळेची फूटपट्टी लावणे हाच मुळात प्रमाद आहे. प्रार्थनेने माणसाला धीर मिळतो, दारू सुटते, संसार सावरतो, मग कशाला दुसरा खळगा शोधायचा? यातले बरेचसे मला मान्य आहे. धीर मिळाला की नाही हे ज्याला मिळाला तोच सांगणार. या चर्चमुळे अनेक तरुणांना शिस्त लागली असेल हेही मी नाकारत नाही. त्याने फुटबॉलचा संघ उभारला आणि तो २०१८ मध्ये आफ्रिकेच्या चॅम्पियन्स लीगपर्यंत पोहोचला, हे कौतुकास्पद आहे. पण ‘गाठ विरघळली’, ‘एचआयव्ही गेला’, ‘वांझपण फिटले’ ही विधाने धीराविषयीची नाहीत. ती शरीराविषयीची आहेत, जुलाबाचे जिवाणू मेले की नाही याच जातीची आहेत, आणि ती करणाऱ्याने त्या जातीचे नियम पाळले पाहिजेत. लंडनमध्ये पास्टरांच्या सांगण्यावरून एचआयव्हीची औषधे सोडलेली किमान तीन माणसे दगावल्याची बातमी बीबीसीने २०११ मध्ये दिली होती. ती वेगळ्या मंडळींतली होती, पण साक्षीचे तर्कशास्त्र तेच होते.

अशी बंधने घालता येत नाहीत असे म्हणणाऱ्यांसाठी लागोसचेच उदाहरण आहे. जुलै २०१४ मध्ये इबोलाचा रुग्ण विमानाने या शहरात उतरला. डॉ. अमेयो अडाडेवो यांनी दबाव झुगारून त्याला रुग्णालयातून सोडायला नकार दिला आणि पुढे त्याच संसर्गाने त्या मरण पावल्या. राज्य सरकारचे अधिकारी रोगनिवारणासाठी प्रसिद्ध असलेल्या टी. बी. जोशुआ यांच्या चर्चमध्ये गेले, इबोलाच्या रुग्णांना तेथे आणू नये असे त्यांनी सांगितले, आणि जोशुआ यांनी तसे आवाहन आपल्या अनुयायांना केले. ऑक्टोबरमध्ये नायजेरिया इबोलामुक्त जाहीर झाला. २० जणांना लागण झाली होती, ८ दगावले. कोणाचीही श्रद्धा तपासली गेली नाही. एका डॉक्टरने आणि एका खात्याने नको म्हणायचे धैर्य दाखवले, एवढेच घडले.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा याच वाटेने जातो, म्हणून तो मला घटनेतील उपदेशापेक्षा उपयोगी वाटतो. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला. मंत्रावर कोणाचा विश्वास आहे हे तो विचारत नाही. त्याचा जोर आणखी थोडा वाढवायला हवा. व्यासपीठ कोणत्याही धर्माचे असो, तेथून रोग बरा झाल्याचा दावा जाहीरपणे, छापून किंवा पडद्यावरून केला गेला, तर आधीचे आणि नंतरचे वैद्यकीय कागद स्वतंत्र डॉक्टरांपुढे ठेवण्याचे बंधन दावा करणाऱ्यावर असावे. आणि वैद्यकीय किंवा वैज्ञानिक पदवी त्या दाव्यासोबत मिरवली जात असेल, तर ते बंधन दुप्पट कडक असावे. हे केवळ पास्टरांसाठी नाही. पांढरा कोट घालून टीव्हीवर काढा विकणाऱ्या आपल्या वैद्यराजांनाही ते लागू व्हावे.

ओलुकोया यांच्या चर्चला असे बंधन अशक्य वाटण्याचे कारण नाही, कारण ते एका ठिकाणी त्यांनी आधीच स्वीकारलेले आहे. २०१५ मध्ये त्यांनी महामार्गालगत ‘माउंटन टॉप’ विद्यापीठ सुरू केले. तेथे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले जाते, आणि ते शिकवण्यासाठी नायजेरियाच्या राष्ट्रीय विद्यापीठ आयोगाची मान्यता लागते, म्हणजे बाहेरची माणसे येऊन प्रयोगशाळा आणि अभ्यासक्रम पाहतात व पसंत नसेल तर तसे लिहून देतात. त्याच महामार्गावरच्या प्रार्थनानगरात रुग्ण बरे झाल्याच्या साक्षी दिल्या जातात. त्यांतल्या फक्त वैद्यकीय साक्षी, न निवडता, क्रमाने नोंदवून, विद्यापीठातल्या आणि विद्यापीठाबाहेरच्या अभ्यासकांनी मिळून दोन वर्षे पाठपुरावा केला, तर त्यासाठी लागणारी विद्या संस्थापकांना कोणी नव्याने शिकवावी लागणार नाही.